ऑक्टोबरातली पौर्णिमा

देगू शहरातल्या सोमवार डोंगर मंडळात तिथी विचारायची वेळ आली की सगळ्यांच्या माना आपोआप उनसिलकडे वळत. बे घराण्याची ती थोरली सून. नवऱ्याच्या चार पिढ्यांतलं कोण कुठल्या चांद्र महिन्यात, कितव्या दिवशी गेलं, ते तिला तोंडपाठ होतं. नुसती तिथीच नव्हे, आवडनिवडसुद्धा. नवऱ्याच्या खापरपणजोबांना ऑक्टोपस जास्त शिजलेला चालत नाही, हे ती कुणालाही छातीठोकपणे सांगे. खापरपणजोबा तिनं पाहिले नव्हते. ऑक्टोपसची तक्रार तेवढी सासूबाईंकडून वारशानं आली होती.

जानेवारीत डोंगर उतरून सगळे पायथ्याच्या खानावळीत बसले असताना मंडळाच्या सेक्रेटरी सुनदोकनं स्पेनचा विषय काढला. सुनदोक शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे मंडळही ती वर्गासारखंच चालवी. स्पेनच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून दहा दिवस पायी हिंडायचं, पांढऱ्या गावांतून आणि चेस्टनटच्या रानांतून. बरोबर दोन वाटाडे, सामान गाडीतून पुढं. शरद ऋतू तिकडे चालायला उत्तम. सहलवाल्यांना किमान दहा चालणारे हवेत आणि आपण मोजून दहा. एवढं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, उनसिल, यंदा पितरांचा सण, छुसक, कधी येतो गं?

उनसिलच्या तोंडात मुगाच्या धिरड्याचा घास होता. तो गिळायलाही न थांबता तिनं हिशेब सांगितला. गेल्या साली छुसकची, म्हणजे आठव्या चांद्र महिन्याची, पौर्णिमा सप्टेंबरच्या मध्यावर होती. दर साली ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे यंदा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पितरांचं उरकतं. ऑक्टोबर मोकळा.

बे घराण्याच्या थोरलीनं सांगितल्यावर पुन्हा कॅलेंडर बघायचं, म्हणजे सोनारानं तोलून दिलेलं सोनं वाण्याच्या ताजव्यात टाकण्यासारखं. निदान त्या वेळी कुणी ते बघितलं नाही.

उनसिलनं घरी सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, आता वादळ होईल. छत्तीस वर्षांच्या संसारात दोन रात्रींहून जास्त ती घराबाहेर राहिली होती ती फक्त बाळंतपणांत. पण नवरा ग्वांगिल टीव्हीवरून नजर काढून तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, जा की. सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या फक्त ‘हं’ म्हणाल्या. सासूबाईंच्या ‘हं’चे प्रकार उनसिलला ठाऊक होते, त्यांतला हा कुठला ते मात्र तिला लागलं नाही. चांगलाच असणार, असं ती धरून चालली. माणसाला सोयीचं तेच खरं वाटतं.

मग तयारी सुरू झाली. नवे बूट पायाला रुळवायचे तर घरात बुटांना मज्जाव, म्हणून ती इमारतीचा मागचा जिना चढायची-उतरायची. शेजारीपाजारी लिफ्टमधून उतरताना तिला बघायचे आणि लिफ्ट बिघडली की काय म्हणून काळजीत पडायचे. सुनदोकनं सूचनांवर सूचना धाडल्या. काठ्या दोन हव्यात, एकीनं कंबर वाकडी होते. तिकडे दुपारी ऊन आणि सकाळी गारठा, म्हणून कपडे कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक. सगळ्यांनी लाल जॅकेट घेऊ नका, दुरून कोण कोण ते कळत नाही. बसमध्ये किमची उघडायची नाही, उघडली तर उघडणारा चालत येईल. आणि बारा जणांना, म्हणजे वाटाडे धरून, दहा दिवस पुरेल एवढी मटण घालून परतलेली लाल मिरचीची चटणी उनसिलनं करायची, कारण तिच्या हाताला चव आहे. इथं उनसिलच्या मनात जराशी चुकचुक झाली. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघाली तरी कढई काही सुटली नाही. पण कौतुकाच्या वेष्टनातलं काम तिला आजवर नाकारता आलेलं नव्हतं.

घरात सगळे तिच्याशी फार सांभाळून वागत होते. ग्वांगिल जेवून उठताना आपला वाडगा उचलायला लागला. धाकटी जाऊ मिरान एरवी सणाच्या आधी एकदा फोन करायची, ती आता महिन्यातून दोनदा करू लागली आणि बोलण्यात नवाच आदर आला. उनसिलला वाटलं, वय झालं, लोक मान द्यायला लागले.

जुलैच्या शेवटी सासूबाई म्हणाल्या, मला बाजारात ने, कापड घ्यायचंय. कापड म्हणजे शेवटच्या प्रवासाच्या कपड्यांचं. मोठ्या बाजारातल्या तागाच्या दुकानात ही गर्दी. म्हाताऱ्या, त्यांच्या सुना, त्यांच्या लेकी, दाटीवाटीनं बसलेल्या. दुकानदारीण घाम पुसत म्हणाली, काय करणार, अधिक सहावा लागलाय ना. या महिन्यात वरचे देव सगळे रजेवर, काही शिवा, कबर हलवा, बाधत नाही. तीन वर्षांचा धंदा एका महिन्यात होतो.

उनसिल आन्दोंगच्या पिवळट तागावरून हात फिरवत होती. तो हात तिथंच थांबला.

अधिक सहावा. म्हणजे सहावा महिना दोनदा. म्हणजे सातवा एक चंद्र पुढं, आठवा एक चंद्र पुढं, आठव्याची पौर्णिमा एक चंद्र पुढं. वर्षाच्या पहिल्या अर्ध्यातल्या सगळ्या पुण्यतिथ्या नेमक्या तिच्या हिशेबाप्रमाणे आल्या होत्या, कारण अधिक महिना अजून लागलाच नव्हता. टीव्हीवर ऑक्टोबरातल्या लांबलचक सुट्टीबद्दल कुणी ना कुणी बोलत असे, तेही तिनं ऐकलं होतं. पण सुट्ट्या नोकरदारांच्या. तिला सुट्टीशी काय करायचंय, म्हणून तिनं कान दिला नव्हता. आता छुसकची पौर्णिमा ऑक्टोबरात होती, आणि त्या दिवशी उनसिल स्पेनच्या एका डोंगरावर दोन काठ्या टेकत चढत असणार होती.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या, आणि बराच वेळ बघत असाव्यात.

“तुझ्या त्या डोंगरच्या विजारीला खिसे किती गं?” त्यांनी विचारलं.

“सहा.”

“माझ्या कपड्याला एकही नाही. बघ, माझी तयारी किती सोपी.” आणि त्यांनी दुकानदारिणीला माप घ्यायला सांगितलं.

त्या दिवसापासून उनसिलला एका जागी बसवेना. भांडी घासायला घ्यायची आणि मध्येच हात पुसून जिना चढायला जायची. पाचव्या मजल्यावर वाटायचं, सहल रद्द करावी. आठव्यावर वाटायचं, का म्हणून? उतरताना पुन्हा उलटं. चटणी परतायला घेतली तर डोक्यात पितरांच्या ताटातल्या शार्कच्या मांसाचे तुकडे काड्यांना ओवले जायचे. पितरांसाठीच्या पितळी वाट्या चिंच लावल्यासारख्या लख्ख घासून ठेवल्या, सण दोन महिन्यांवर असताना, आणि मग स्वतःलाच विचारलं की या कुणासाठी घासल्यास?

तिनं आधी नवऱ्याला गाठलं. म्हणाली, अहो, माझी चूक झाली. अधिक महिना मी धरलाच नाही. ग्वांगिलनं मान डोलावली, हो हो, चूक झाली, होते चूक, आणि एक डोळा बारीक केला. आईनं विचारलं तर मीही हेच म्हणेन, काळजी करू नकोस. उनसिलनं पुन्हा सांगितलं की ती खरंच चूक होती. त्यानं पुन्हा समजूतदारपणे मान डोलावली. अवघ्या खानदानाच्या तिथ्या जिच्या बोटांवर नाचतात तिला एक अख्खा महिना विसरायला होतो, हे पटायला तो काही खुळा नव्हता. आणि आईपाशी विषय काढायचा तो तूच काढ, एवढं मात्र त्यानं जाता जाता जोडलं.

मग तिनं मिरानला फोन लावला. मनातून तिची अपेक्षा होती की धाकटी हादरेल, हात टेकेल, म्हणेल, जाऊबाई, तुमच्याशिवाय हे आम्हाला कसं जमणार? मिरान म्हणाली, अहो, मी फेब्रुवारीतच बघून ठेवलंय. एक दुकान आहे, सगळं ताट आयतं पाठवतं. आदल्या सकाळी दारात. परतलेले मासे, भाज्या, पाइनच्या पानांवर उकडलेल्या तांदळाच्या करंज्या, शार्कसुद्धा. आपल्या भागातल्या लोकांसाठी ऑक्टोपस वेगळा सांगता येतो. तुम्ही बिनघोर जा. आणि आवाज उतरवून म्हणाली, “खरं सांगू? तुम्ही केलंत ते फार बरं केलंत. कुणीतरी करायलाच हवं होतं. माझी तर हिंमत झाली नसती.”

फोन ठेवल्यावर उनसिल कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिली. छत्तीस वर्षं गुडघ्यांवर बसून ती जे तळत आली, जे निवडत आली, ते सगळं आदल्या सकाळी दारात येणार होतं. धाकटीनं ते फेब्रुवारीतच बघून ठेवलं होतं. सुटका इतकी स्वस्त असेल तर आजवर आपण काय विकत घेत होतो, हे तिला कळेना.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुनदोकनं सगळ्यांना पाठीवर पूर्ण सामान लादून पालगोंगच्या डोंगरावर चढवलं. वर दगडी टोपी घातलेला बुद्ध बसलेला आहे आणि तो एका माणसाचं एकच मागणं पुरवतो, अशी ख्याती. आईबाप पोरांच्या परीक्षांसाठी गुडघे झिजवत तिथं जातात. उनसिल बुद्धापुढं वाकली आणि वाकलेलीच राहिली, कारण काय मागायचं ते ठरेना. जाऊ दे म्हणावं की जाऊ देऊ नको म्हणावं? कुणीतरी अडवलं असतं तर किती बरं झालं असतं. सासूबाईंनी आदळआपट केली असती, नवऱ्यानं तोंड फुगवलं असतं, तर ती बूट फेकून घरी बसली असती आणि पुढची वीस वर्षं त्याचा वचपा काढत राहिली असती. पण अडवायला कुणी तयारच नव्हतं. मागे रांगेतली बाई खाकरली तशी ती काहीच न मागता उठली.

उतरताना तिनं सुनदोकला गाठून सांगितलं की आपलं नाव काढावं. सुनदोक तिथल्या तिथं थांबली. म्हणाली, एक नाव गेलं की नऊ, आणि नवांत सहल निघत नाही. मग स्वेटर विणणाऱ्यांचं मंडळ काढू. उनसिलनं तिथीची चूक सांगितली. सुनदोक हसली, मग गंभीर झाली.

“म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं?”

“नव्हतं.”

“आणि आम्ही नऊ जण मार्चपासून तुझं नाव घेतोय. म्हणतोय, बघा, बे घराण्याची थोरली सरळ पौर्णिमेलाच निघाली. दोघीजणींनी तर तुझ्याकडे बघून घरी सांगायचं धाडस केलं.” तिनं काठीनं उनसिलच्या बुटावर टकटक केलं. “आता चूक बीक काही सांगत फिरू नकोस, ताई म्हणून सांगते. त्या दोघी मागे फिरतील.”

म्हणजे नवऱ्याचा वाडगा, धाकटीचा आदर, मंडळातलं मानाचं स्थान, सगळं एका न केलेल्या बंडाच्या नावावर जमा झालं होतं. उनसिलनं हे मनाशी नीट मांडून पाहिलं. आयुष्यभर केलेल्या कामाचं श्रेय कुणी दिलं नाही, आणि केलंच नाही त्याचं मात्र भरभरून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे उइसंगकडच्या डोंगरात कबरींवरचं गवत कापायला जमले. छुसकच्या आधी हे काम घरच्या मुलग्यांचं. ग्वांगिल आणि त्याचा धाकटा भाऊ गवत कापायची यंत्रं खांद्याला अडकवून घरघर करत कबरींच्या गोल उंचवट्यांभोवती फिरत होते. खाली वाफ्यांतला भात पिवळा पडून वाकला होता. सासूबाई उताराला चटईवर बसल्या होत्या, एका बाजूला मिरान, एका बाजूला उनसिल. उनसिलनं बूट घातले होते. सरावासाठी, असं ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

यंत्रं थांबली, भाऊ घाम पुसत येऊन बसले, आणि सासूबाईंनी अचानक विषय काढला.

“छत्तीस वर्षांत एक तिथी चुकली नाहीस, थोरले. ही चुकली, की चुकवलीस?”

ग्वांगिल चूक झाल्याचं सांगायला तोंड उघडत होता, त्याला उनसिलनं हातानं थांबवलं. दोन महिने ती हेच स्वतःला विचारत होती. “जानेवारीत चुकली,” ती म्हणाली. “पण आता विचाराल तर ठाऊक नाही, आई. मला धड सांगता येत नाही.”

सासूबाईंनी यावर नेहमीचं ‘हं’ केलं. मग म्हणाल्या की त्यांच्या माहेरी, वरच्या गारठ्याच्या गावांत, पौर्णिमेपर्यंत नवा तांदूळ तयारच व्हायचा नाही. म्हणून तिकडे पितरांचं नवव्या महिन्यातल्या नवमीला करत. ज्याच्या घरी पौर्णिमेला अडचण, त्यानंही नवमीला केलेलं चालतं. पितर काही गाडी पकडायच्या घाईत नसतात. नवमी ऑक्टोबरच्या अखेरीला. थोरली तोवर परत येते. तेव्हाच करू.

धाकटा मुलगा खालच्या वाफ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “आई, यंदा अधिक महिन्यामुळं पौर्णिमा उशिरा आहे. तांदूळ कधीच पिकलाय.”

“थोरली नसेल तर पिकून काय करायचाय?” सासूबाई म्हणाल्या.

हे वाक्य ऐकायला उनसिल पंचवीस वर्षांची असल्यापासून थांबली होती. तेव्हा करंज्या फाटल्या म्हणून रडली होती, तेव्हा हे हवं होतं. मुलीच्या परीक्षेच्या दिवशी सासऱ्यांच्या तिथीचं तळण तळत होती, तेव्हा हवं होतं. आज ते आलं, चारचौघांत, कबरींच्या साक्षीनं. ग्वांगिलच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू पसरलं. सुंठीवाचून खोकला गेला होता. सहलही झाली, पितरही झाले, धाकटीचा खर्चही वाचला.

उनसिलला मात्र बसवेना. ती उठून उभी राहिली. परत आल्यावर बूट काढायचे, पाय धुवायचे, आणि कढईपाशी बसायचं. पितर थांबतील, पण तिच्यासाठीच थांबतील. मान म्हणून टाकलेला तो हार तिला गळ्यापेक्षा कमरेत जास्त आवळल्यासारखा वाटला. आणि तरीही, देवाशपथ, तो काढून ठेवणं जिवावर आलं.

“नको, आई,” ती म्हणाली. “पौर्णिमेलाच करा. मिराननं दुकान बघून ठेवलंय.”

मिराननं पटकन खाली बघितलं.

“आयतं?” सासूबाईंनी विचारलं.

“आयतं आणा, नाहीतर हे दोघं तळतील. बाप-आजे त्यांचे आहेत. माझं आडनाव अजून माहेरचंच, पांग.”

“मेलेल्यांचंही जिवंतांसारखंच असतं, थोरले. एकदा दुसऱ्या हाताची सवय झाली की पहिल्या हाताची आठवण काढत नाहीत.” सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. त्या जणू पावसाचा अंदाज सांगत होत्या. “पुढच्या साली तू म्हणशील, मी करते. तेव्हा जागा नसेल.”

“असं होईल खरं,” उनसिल म्हणाली.

“आणि तरी?”

स्पेनमधलं चेस्टनटचं रान उनसिलला डोळ्यांपुढं आणता आलं नाही. आपणच परतून ठेवलेल्या चटणीचे डबे मात्र दिसले. “आणि तरी,” ती म्हणाली.

सासूबाईंनी मिरानपुढं हात केला. उठायला त्या एरवी उनसिलचा हात घेत, आणि उनसिल सवयीनं पुढं झालीही होती. तो हात घेतला गेला नाही. मिरान गडबडली, तिनं दोन्ही हातांनी म्हातारीला उभं केलं.

“आयतं बियतं नाही,” सासूबाई मिरानला म्हणाल्या. “शार्क कुणाकडून घ्यायचा ते आधी सांगते. लिहून घेऊ नकोस, लक्षात ठेव.”

मिराननं उनसिलकडे पाहिलं. ऑक्टोपस किती वेळ ठेवायचा, जाऊबाई, असं विचारायला तिचे ओठ हलले. उनसिलनं सांगायला श्वास घेतला. सासूबाई वळूनही न बघता म्हणाल्या, “तिला नको विचारूस. ती निघालीय.”

खाली दोन गाड्या उभ्या होत्या. येताना सासूबाई थोरल्याच्या गाडीत, मागच्या सीटवर उनसिलच्या शेजारी बसून आल्या होत्या. गेली कित्येक वर्षं ती जागा ठरलेली होती. परतताना त्या धाकट्याच्या गाडीकडे चालत गेल्या. मिराननं दार उघडून धरलं, पट्टा लावून दिला आणि शेजारी बसली. ग्वांगिल हातातलं यंत्र तसंच धरून बघत राहिला. उनसिल पुढं, नवऱ्याच्या शेजारी बसली. बुटांना गवत चिकटलं होतं. ते तिनं झटकलं नाही.

महामार्गाला लागल्यावर धाकट्याची गाडी पुढं आणि यांची मागं. मागच्या काचेतून सासूबाईंचं पांढरं डोकं दिसत होतं आणि मधूनमधून वर येणारा हात. उनसिलला शब्द ऐकू यायची गरज नव्हती. मनगट आडवं फिरलं म्हणजे मासे पिठात घोळवणं चाललंय. मूठ उघडली-मिटली म्हणजे करंजीचं तोंड दाबणं. मग दोन बोटं एकमेकांपासून लांब धरलेली वर आली. शार्कच्या तुकड्याची जाडी. उनसिल पुढं झुकली. ती जाडी दोन बोटांची होती. तिला सासूबाईंनी एका बोटाहून जाड तुकडा कधी करू दिला नव्हता, आणि केला तेव्हा अख्खी परात परत करायला लावली होती.

“काय दाखवतेय आई?” ग्वांगिलनं विचारलं.

“काही नाही.”

तिनं काच खाली केली, वर केली. पाय सीटखाली घेतले, बाहेर काढले. पुढच्या गाडीत दोन बोटं पुन्हा वर आली, या खेपेस आणखी लांब.

“अहो,” ती म्हणाली, “ओव्हरटेक करा.”

“आईची गाडी?”

“करा म्हणते ना.”

ग्वांगिलनं दिवा लावला आणि गाडी डावीकडच्या रांगेत काढली. दोन्ही गाड्या क्षणभर अगदी शेजारी आल्या. उनसिलनं मान वळवून पाहिलं. मिरान कपाळाला आठ्या घालून मन लावून ऐकत होती. सासूबाईंनी काही इकडे पाहिलं नाही. त्या मोजून दाखवण्यात गुंतल्या होत्या. मग गाडी पुढं गेली आणि समोरचा रस्ता मोकळा झाला.